दोन दिवसांचा ताबा

“पायपुसणं राहिलं,” अण्णा म्हणाले.

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होतो. छातीशी पाटा होता आणि कोपराला अडकवलेल्या पिशवीत वरवंटा होता.

“कुठलं पायपुसणं?”

“गॅलरीच्या दाराशी आहे ते. काथ्याचं. ते आपलं आहे, सर. आमच्या वस्तूंत ते येत नाही.”

“राहू दे की अण्णा. परवा परत वरच न्यायचंय.”

अण्णांनी कडक इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. डोक्यावर टोपी होती. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता, त्यामुळे ते माझ्याकडे बघतायत की माझ्यामागच्या भिंतीकडे, ते कळत नव्हतं.

“पायपुसणं राहिलं म्हणजे जागेत आपली वस्तू राहिली. वस्तू राहिली म्हणजे वहिवाट राहिली. वहिवाट राहिली म्हणजे ताबा आपलाच राहिला. मग मी काय घेतलं?”

‘पायपुसणं,’ असं म्हणावंसं वाटलं. पण पाटा जड होता.

साताऱ्यात गोडोलीच्या अंगाला भोइट्यांचं घर होतं. खाली अण्णा आणि हौसाकाकी, वर आम्ही : मी, रोहिणी आणि पाच वर्षांची सई. मी एका कॉलेजात तासांवर कॉमर्स शिकवत होतो, रोहिणी जवळच्याच बालवाडीत होती. अण्णांची सगळी नोकरी दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली होती. लोकांच्या जमिनी एकमेकांच्या नावावर चढवून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यामुळे माणूस आणि त्याची जागा यांच्यात कायदा नावाची एक तिसरी व्यक्ती कायम बसलेली असते, असं त्यांचं मत झालं होतं.

करार अकरा महिन्यांचा. तो सगळीकडेच असे. पण अकरा महिने संपले की मध्ये खंड पडला पाहिजे, असं अण्णांनी पहिल्याच खेपेला मला समजावून सांगितलं होतं. खंड म्हणजे दोन दिवस जागा पूर्ण रिकामी. कुलूप मालकाचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद, नव्या सह्या, नवा प्रवेश.

“मग हे दोन दिवस आम्ही जायचं कुठं?” मी तेव्हा विचारलं होतं.

“तो विषय मालकाच्या कक्षेत येत नाही,” अण्णा म्हणाले होते.

मी आणि रोहिणीनं त्या दिवशी गादीपासून गाळणीपर्यंत सगळं खाली उतरवलं. अण्णा रिकाम्या खोल्यांतून फिरले, भिंतींवर बोटांनी टकटक केलं, आमचे खिळे मोजून पाहिले आणि दाराला पितळी कुलूप घातलं. आम्ही फाटकाशी सामानाच्या ढिगाजवळ उभे होतो. नातेवाइकांत कुणाकडे जायचं, यावर आमचं हलक्या आवाजात भांडण चाललं होतं. अण्णा जिना उतरून आले. पडवीतल्या खुंटीला त्यांनी टोपी अडकवली आणि आमच्याकडे वळले. आवाज बदलला होता, भाषाही बदलली होती.

“आरं इनायका, असं परक्यासारखं फाटकात काय हुबा ऱ्हायलायस? या पाहुणं, आत या. हात-पाय धुवा. आगं ए, ऐकलंस का? पाहुणं आलं!”

काकींच्या कढईत त्याआधीच भजी पडली होती.

तेव्हापासून दर खंडाला आम्ही भोइट्यांचे पाहुणे झालो. टोपी डोक्यावर असली की अण्णा मला ‘सर’ आणि ‘आपण’ म्हणत, टोपी खुंटीला गेली की ‘इनायका’ आणि ‘लेका’. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. आमचं सगळं सामान त्यांच्या पडवीत, माजघरात आणि जिन्याखाली रचलेलं. लोखंडी कपाट तेवढं पहिल्या पायरीशी आडवं उभं राही, कारण त्यापुढे ते कुणाच्यानं हलत नसे. सई तर हा एखादा सण आहे असंच समजत होती. दिवाळी झाली की विचारायची, “बाबा, ताबा कधी?”

या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला होता की आमचं भाडं वाढत नव्हतं. नवा करार होण्याआधी भाड्याचं बोलणं व्हायला हवं. पण त्या वेळी आम्ही खाली पाहुणे असायचो, आणि अण्णांनी विषय काढला की स्वयंपाकघरातून काकींचा आवाज यायचा, “अवो, पाहुण्यांस्नी ताटावर पैशाचं काय इचारताय? लाज हाय का न्हाई?” आणि एकदा वर गेलो की करार झालेला असायचा. मग अण्णा म्हणायचे, “आता अकरा महिने बोलता येत नाही, सर.” मी त्यांच्याशी कायद्यावर कधी वाद घातला नाही.

ही आमची पाचवी खेप. रोहिणीला आठवा महिना होता, म्हणून काकींनी तिला सकाळपासूनच पाहुणी करून टाकलं होतं. मी पायपुसणं आणलं. अण्णांनी कुलूप घातलं, ओढून बघितलं. टोपीकडे हात नेला, तेवढ्यात फाटकाशी एक पांढरी मारुती व्हॅन थांबली.

जयसिंग आला होता. अण्णांचा मुलगा.

तो चिंचवडला एका कारखान्यात बऱ्यापैकी हुद्द्यावर होता. दिवाळीला आणि यात्रेला यायचा, सकाळी येऊन संध्याकाळी परत. वरचा मजला त्यानं कंपनीकडून कर्ज काढून बांधला होता आणि तो त्याच्याच नावावर होता. करारावर अण्णा सही करत ती मुलाचे कुलमुखत्यार म्हणून. दर खंडाच्या आधी अण्णा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून त्याला फोन करत. अमुक तारखेला ताबा घेत आहोत, मालक या नात्यानं हजर राहावं. तो दर वेळी म्हणे, “तुम्ही आहात की अण्णा.”

या खेपेला तो हजर राहिला.

अण्णांचा चेहरा असा फुलला की टोपी काढायची ते विसरले. काकी पीठ माखल्या हातांनीच बाहेर आल्या. जयसिंगनं दोघांना वाकून नमस्कार केला, मला हात जोडले, आणि वर बघितलं.

“रिकामं झालं का सगळं?”

“पायपुसण्यासकट,” अण्णा म्हणाले.

“चांगलं झालं.” तो पडवीच्या कट्ट्यावर बसला. बूट काढले नाहीत. “अण्णा, आता नवा करार नको करायला. मी जागा दुसऱ्याला दिलीय.”

काकींच्या हातावरचं पीठ वाळत होतं. तोच पुढे बोलला.

“सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही माझी. तुम्ही चांगली माणसं आहात. पण तुम्हीच सांगा, तुम्ही कॉमर्सचे. या भाड्यात आजकाल म्हैस तरी बांधू देतात का कुणी? मी वरच्या मजल्याचा हप्ता भरतोय अजून. एक क्लासवाले आहेत, तुपे म्हणून. रविवारी जागा बघायला येतायत. तिप्पट द्यायला तयार आहेत.”

हिशेब बिनचूक होता. ती पंचाईतच होती. मी रोहिणीकडे बघितलं. ती दारात उभी होती, एक हात कमरेवर. पुढच्या महिन्यात बाळ येणार, माझे तास एप्रिलला संपणार आणि जूनमध्ये पुन्हा मिळतील की नाही हे प्राचार्यांनाच ठाऊक. आणि घर म्हणून जे काही होतं ते अण्णांच्या पडवीत रचलेलं, त्यावर पायपुसणं ठेवलेलं. आमच्यापाशी करार नव्हता, ताबा नव्हता, किल्ली नव्हती. सगळं आम्ही स्वतःच्या हातांनी, जिना उतरून, नीट आणून दिलं होतं.

“अण्णा?” मी म्हणालो.

अण्णांनी काळा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

“कायद्यानं त्याचं बरोबर आहे, सर. जागा त्याची. मुदत संपलेली. मी नुसता सही करणारा.” मग खिशातून पितळी कुलपाची किल्ली काढून त्यांनी मुलासमोर धरली. “घ्या, मालक. ताबा.”

जयसिंगनं किल्ली घेतली. एवढ्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नसावं.

अण्णा खुंटीपाशी गेले. टोपी अडकवली.

“इनायका,” ते म्हणाले, “हात-पाय धू. जयशा, तूबी धू. बूट काढ आधी. पुरणाचं ताट हाय.”

जेवताना जयसिंग म्हणाला, “मग सर, तुम्ही आजच निघताय का उद्या? टेम्पो लागला तर माझ्या ओळखीचा आहे एक.”

“आज शुक्रवार,” काकी तुपाची धार सोडत म्हणाल्या. “शुक्रवारी भरल्या घरातनं लेक धाडत्यात व्हय?”

“बरं, उद्या.”

“उद्या शनवार. पोटुशी बाई शनवारी उंबरा वलांडती का?”

“मग रविवारी.”

“रविवारी अवस.”

“आये, सोमवारी तरी?”

“सोमवारी माझा उपास. मला मेलीला भोवळ येती, ओटी कोण भरणार हिची? आन् ओटी भरल्याबिगर हिला मी धाडायची न्हाई. जेव तू. पोळी थंड झाली.”

जयसिंगनं अण्णांकडे बघितलं. अण्णा कटाच्या आमटीत लक्षपूर्वक बोट बुडवून चव घेत होते.

“तो विषय माझ्या कक्षेत येत न्हाई,” ते म्हणाले.

जयसिंगला त्याच संध्याकाळी परत जायचं होतं. पण तुपे येईपर्यंत इथून हललं तर हे लोक काय करतील याचा त्याला भरवसा वाटेना, म्हणून तो राहिला. राहायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न आला. त्याच्या जुन्या खोलीत, त्याच्या जुन्या पलंगावर काकींनी रोहिणीला झोपवलं होतं. माजघरात आमच्या गाद्या, ट्रंका आणि सईच्या खेळण्यांचं खोकं होतं. शेवटी आमचं पुस्तकांचं मांडणीकपाट आणि काकींचं ज्वारीचं पिंप यांच्यामध्ये एक खाट बसली. तिच्यावर जयसिंग मावला. म्हणजे एका कुशीवर.

शनिवारी सकाळी मोरीपाशी रांग लागली. घरात मोरी एक, माणसं सहा, आणि त्यांपैकी एक पाच वर्षांची, जिला पाण्यातून बाहेर काढणं हा स्वतंत्र कार्यक्रम असे. जयसिंग टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. सईनं आतून विचारलं, “काका, तुम्हीपण ताब्याला आलात का?”

“हो,” तो म्हणाला.

“मग तुमचं सामान कुठाय?”

त्याच्याजवळ एकच शर्ट होता, तो अंगावर. तो काकींनी धुवायला टाकला आणि दिवसभर त्याला अण्णांचा जुना नेहरू शर्ट घालायला लागला. त्यात तो हुबेहूब अण्णांसारखा दिसत होता, फक्त इस्त्री नसलेल्या.

मी बाहेर जाऊन दोन-तीन जागा बघून आलो. एका ठिकाणी मालकीणबाईंनी रोहिणीचं कळल्यावर ‘बाळ रडतं का फार?’ असं विचारलं. मी म्हणालो, अजून अनुभव नाही. दुसरीकडे डिपॉझिटचा आकडा ऐकून मी त्यांना पाणी मागितलं. परत आलो तेव्हा पडवीत जयसिंग अण्णांच्या डोळ्यांत औषध घालत होता. एरवी ते काकी घालत. दोन थेंब डोळ्यात आणि चार गालावर. जयसिंगचा मोठा अंगठा अण्णांच्या पापणीवर होता, आणि कारखान्यात कुठलंसं नाजूक यंत्र हाताळावं तसा तो श्वास रोखून काम करत होता.

“हलू नका, अण्णा.”

“मी कुठं हलतोय? तुझाच हात कापतोय.”

“किती दिवस घालायचंय हे?”

“डाक्टर सांगंल तंवर.”

“ऑपरेशनला कोण होतं बरोबर?”

“इनायक व्हता. तू पैशे धाडलं व्हतंस की.” हे अण्णा इतक्या साधेपणानं म्हणाले की त्यात टोमणा शोधायला जयसिंगला बराच वेळ लागला, आणि सापडलाही नाही.

संध्याकाळी त्यानं माळ्यावरून जुना कॅरम काढला. सोंगट्या अपुऱ्या होत्या, त्या जागी आम्ही शर्टाची बटणं घेतली. मटणाच्या वासात खेळ रंगला. रविवारच्या निकालावर माझं घर अवलंबून होतं आणि मी त्याच माणसाच्या राणीवर डोळा ठेवून होतो. हरल्यावर तो म्हणाला, “सर, तुमी चिडी करताय राव!” त्या ‘राव’नं तोच दचकला. चिंचवडला असं बोलणं बहुधा सुटलं होतं.

रविवारी तुपे आले. अंगात सफारी, हातात मोजमापाची टेप. जयसिंग त्यांना घाईघाईनं जिन्याकडे घेऊन गेला आणि थांबला. पहिल्या पायरीशी आमचं कपाट आडवं उभं होतं. त्याच्यावर काथ्याचं पायपुसणं.

“हे कुणाचं?” तुपे म्हणाले.

“पाहुण्यांचं,” खुर्चीत बसलेले अण्णा म्हणाले. टोपी डोक्यावर नव्हती.

“जरा बाजूला घेऊ या का?”

“घेता यायचं न्हाई. वरचा मजला मालकाचा हाय, त्यो तुमी खुशाल बघा. जिना माझा हाय. माझ्या जिन्यात माझ्या पाहुण्यांचं कपाट हाय.”

“बरं. पाहुणे कधी जाणार?”

“हे पाहुण्यांस्नी इचारायची पद्धत तुमच्याकडं असंल,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडं न्हाई.”

तुप्यांनी पडवीतल्या सामानाकडे बघितलं, दोरीवर वाळणाऱ्या झबल्यांकडे बघितलं. ती काकींनी आत्तापासूनच धुऊन ठेवायला घेतली होती. मग रोहिणीकडे, तिच्या पोटाकडे. आणि हे पाहुणे वाढण्याच्या बेतात आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी टेप खिशात ठेवली. “जिना मोकळा झाला की कळवा, साहेब,” म्हणून ते निघाले. काकींनी त्यांना पोहे खायला घातले. ते मात्र खाल्ले.

फाटक लागल्यावर जयसिंग फिरला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

“अण्णा, हे काय चाललंय? मला वेडा समजता का तुम्ही?”

“हळू. सई निजलीया,” काकी आतून म्हणाल्या.

“हळू कशाला? एक सांगा मला. मी येण्याआधी वकिलाला भेटून आलोय, मुद्दाम विचारून आलोय. ही सामान उतरवायची भानगड कुठल्या कायद्यात आहे? म्हणे खंड! म्हणे ताबा! तो हसला मला. म्हणाला, मुदत संपली की नवा कागद करायचा, सह्या करायच्या, झालं. भाडेकरू जागचा हलतसुद्धा नाही. सगळं गाव असंच करतं. पाटा-वरवंटा डोक्यावर घेऊन कोण उतरतं?”

मी अण्णांकडे बघितलं. पाच खेपांचा पाटा माझ्या छातीत एकदम जड झाला.

“तुम्ही सगळा जन्म त्या कचेरीत काढलात,” जयसिंग म्हणाला. “तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?”

आतला पोह्यांच्या कढईचा खरखर आवाज थांबला.

“ठाव व्हतं,” अण्णा म्हणाले.

“मग?”

अण्णांनी चष्मा काढला. उजेडाला डोळे किलकिले करत ते आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बघत राहिले.

“ही माणसं ऱ्हायला आली तवा तुझ्या आईनं ह्यास्नी जेवाय बोलवलं. सई तान्ही व्हती. सर म्हणाले, पुन्हा कधीतरी. नागपंचमीला बोलवलं, पुन्हा कधीतरी. दसऱ्याला मी सोता वर गेलो. दार अर्धं उघडलं, च्या दिला, लई नमस्कार केला. पुन्हा कधीतरी. शिकल्याली माणसं. मालकाकडं जेवाय जाऊ न्हाई असं काय तरी असंल त्यांच्यात.”

तसंच होतं. मालकाशी संबंध बेताचे ठेवावेत, असं माझ्या आणि रोहिणीच्या दोन्ही घरांतून निघताना बजावलेलं होतं, आणि ते आम्ही पाळलं होतं.

“वर दिवसभर त्या पोरीची पावलं वाजायची. तुझी आई भाकरी थापता थापता वर बघायची. एवढं मोठं घर बांधलं, वर माणसं हाईत, आन् ताटं दोनच.” अण्णांनी वर बघितलं. “मग म्हटलं, बोलावून येत न्हाईत. कायदा म्हटल्यावर येतील. कायदा म्हटल्याबरोबर सर पाट्यासकट खाली आले.”

रोहिणी दारात येऊन उभी होती, कधीची कुणास ठाऊक.

“हे ह्यांचं झालं,” जयसिंग म्हणाला. “पण मग मला कशाला फोन करत होता दर वर्षी? मालक म्हणून हजर राहा, मालक म्हणून हजर राहा...”

अण्णांनी चष्मा परत घातला. काकीच बाहेर आल्या, हातात झारा.

“आरं, तूबी बोलावून कुठं येत व्हतास?” त्या म्हणाल्या. “दिवाळीला यायचास ते पायात बूट घालूनच बसायचास. ह्या बारीला कायदा घिऊन आलास, तर तीन दिस ऱ्हायलास.”

जयसिंग खाली बघत राहिला. त्याच्या पायात अण्णांच्या चपला होत्या.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा तो अंघोळ करून, अण्णांचाच शर्ट घालून पडवीत उभा होता. खुंटीवरची टोपीही त्यानं डोक्यावर ठेवली होती. ती त्याला लहान होत होती.

“सर,” तो म्हणाला, “भाडं वाढवायचंय.”

“आरं, पाहुणं अजून खालीच हाईत!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्यानं क्षणभर विचार केला. मग किल्ली काढली, कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीतून अंग चोरून जिना चढला, आणि मला मागोमाग बोलावलं. कुलूप उघडून आम्ही रिकाम्या खोलीत समोरासमोर उभे राहिलो. तिथे मी पाहुणा नव्हतो आणि भाडेकरूही नव्हतो. पाच खेपांत भाड्याचं बोलणं करायला ही एकच जागा आहे हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. तो कारखान्यात होता ते उगीच नाही. त्यानं आकडा सांगितला, मी उसासा टाकला, तो थोडा खाली आला, मी थोडा वर गेलो. तुप्यांच्या आकड्याच्या तो अर्ध्यावरही नव्हता. बोलणं संपल्यावर तो रिकाम्या भिंतीवर बोटांनी टकटक करत म्हणाला, “ओल येते का हो इथनं?”

“येते.”

“पुढच्या बारीला गिलावा करून घेऊ. मी येईन तेव्हा.”

करार अण्णांनी सांगितला आणि मी लिहिला. त्यात एक नवं कलम होतं : ताबा घेतेवेळी मालकाने सहकुटुंब हजर राहावे. जयसिंगनं ते वाचलं, अण्णांकडे बघितलं आणि कुलमुखत्यार वगैरे काही न ठेवता स्वतः सही केली.

मग आम्ही कपाट उचललं. या खेपेला जयसिंगचा हात होता, म्हणून ते एका दमात वर गेलं. उपास मोडून काकींनी रोहिणीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, पाच फळं.

“काकी, अहो वरच तर चाललेय मी,” रोहिणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“पाठवणी ती पाठवणी,” काकी म्हणाल्या. “बेतानं चढ.”

त्यानंतर प्रत्येक खंडाला भोइट्यांच्या घरात मोरीची रांग वाढत गेली. जयसिंगची बायको, दोन मुलं, आमची सई आणि तिचा भाऊ. हा कायदा खोटा आहे हे आता सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तो अधिकच काटेकोरपणे पाळला जाई. पाटा मीच उतरवत असे.

पुढे मी कॉलेजात कायम झालो, आणि शाहूपुरीच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. रिकाम्या खोल्यांतून फिरले. गॅलरीच्या दाराशी थांबले.

“पायपुसणं नेलंत ना, सर?”

“नेलं, अण्णा.”

“बरोबर,” ते म्हणाले. कुलूप घातलं, ओढून बघितलं. नंतर खूप वेळ टोपी काढली नाही.

नव्या घरी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. अण्णा म्हणाले, “येऊ की, पुन्हा कधीतरी.” परत बोलावलं. काकींचे गुडघे दुखत होते. तिसऱ्यांदा रोहिणी एकटी गोडोलीला गेली आणि काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की, करारात एक कलम राहून गेलं होतं, ते मी अण्णांना दाखवून दिलं.

फ्लॅटमध्ये जाऊन आम्हाला अकरा महिने झाले त्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अण्णा होते. कडक शर्ट, टोपी, बगलेत वळकटी. मागे काकी, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातानं कठडा धरलेला.

“सर,” अण्णा म्हणाले, “आमची जागा पूर्ण रिकामी केली आहे. म्हणजे आम्ही दोघंच होतो, ते निघालो. कुलूप लावलंय, ओढून बघितलंय. आपण खात्री करून घ्यावी.” आणि त्यांनी पितळी कुलपाची किल्ली माझ्यासमोर धरली.

मी ती घेतली. शर्टाच्या खिशात ठेवली. मग पुढे होऊन त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली.

“या पाहुणं,” मी म्हणालो. “हात-पाय धुवा.”